केस कुणाचे? वेणीफणी, नकार आणि जनाबाई

आजच्या व्याख्यानासाठी कालच हातखंब्याला आलो, पुतण्याकडे मुक्काम केला. विषय ठरला होता ‘संतकाव्यातलं वात्सल्य’. टिपणं तयार होती. पण आज सकाळी त्या घराच्या पडवीत जे पाहिलं त्याने टिपणांचा क्रम बदलला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

शाळेची वेळ होत आली होती. पुतण्याची धाकटी, वय वर्षं सहा, पडवीत बसलेली. आई मागे पाटावर. बाजूला खोबरेलाची बाटली, मांडीवर लाल रिबिनी. मुलगी मिनिटभर बसते की मान वळवते. कधी मांजर दिसतं, कधी तिठ्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू येतो, कधी उगाचच. एक पेड धरला की दुसरा सुटतो. “बाय, सरळ बघ बघू.” “आई गो, दुखतंय!” “अजून फणी लागलीसुद्धा नाही.” शेवटी ती अर्धी वेणी घेऊन अंगणात पळाली आणि तिथून तिने विचारलं, “केस माझे आहेत ना?” आई म्हणाली, “केस तुझे गो, पण उवा सगळ्या घराच्या!”

तुम्ही हसलात, मीही हसलो. पण मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ १८५९ सालचा. माणसाचा स्वतःच्या देहावर आणि मनावर स्वतःचा अधिकार. दुसऱ्याला इजा पोचत असेल तरच समाजाने त्यात हात घालावा, हे त्याचं सूत्र. पडवीत दोन वाक्यांत हाच वाद झाला की नाही? मुलीने अधिकार सांगितला, आईने इतरांची इजा दाखवली. गंमत अशी की मिलने लहान मुलांना या सूत्रातून वगळलंय. या मुलीने मात्र स्वतःला वगळलेलं नव्हतं.

आता साहित्याकडे येऊ. अशा प्रसंगावर आपली समीक्षा चटकन ‘वात्सल्य’ असा शिक्का मारते. शिक्का खोटा नाही, पण तो मारला की आपण आईच्या जागी जाऊन बसतो. मुलाचा नकार मग फक्त गोड खोडी होऊन उरतो. सूरदासांचं ते प्रसिद्ध पद आठवा. दूध प्यायलास की शेंडी बलरामासारखी लांब होईल, असं यशोदेने सांगितलेलं. बाळकृष्ण विचारतो, इतके दिवस दूध पितोय, मग ही अजून आखूडच का? आपण म्हणतो, किती लडिवाळ! मी म्हणतो, जरा नीट ऐका. तो आईचा दावा अनुभवाशी ताडून बघतोय. हे पद टिकलं ते नुसत्या लडिवाळपणामुळे नाही. आईला उत्तर सुचू नये असा प्रश्न त्यात आहे, म्हणून ते टिकलं.

आणि आता आपली जनाबाई. परंपरा सांगते की ती गंगाखेडची, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि तिथे दासी म्हणून राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. सगळे तिचेच असतील असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण न्हाण्याचे आणि वेणीचे अभंग तिचे म्हणूनच घरोघरी गायले जातात. जनी न्हायला बसते, विसणाला पाणी नसतं, ते देव आणून घालतो. तुळशीच्या बनात ती वेणी उकलत बसते आणि चक्रपाणी लोणी घेऊन तिचं डोकं चोळतो.

यावर नेहमीचं भाष्य ठरलेलं: विठ्ठल माउली झाला. बरोबर आहे. पण मला अडतं ते पुढे. त्या अभंगात जनी एकदाही मान वळवत नाही. दुखतंय म्हणत नाही, पळत नाही. का? भक्त म्हणून, असं उत्तर येईल. मला वाटतं, त्याच्या आधी एक साधं उत्तर आहे. देव का आला हे अभंगच सांगतो: तिला कुणी नाही म्हणून. दासीचे केस विंचरायला त्या घरात कुणाला सवड असणार? सगळ्यांची कामं उरकून झाल्यावर स्वतःच्या डोक्याला तेल लागलं तर लागलं. जिच्या मागे कुणी बसलंच नाही, ती नकार तरी कुणाला देणार? पडवीतली मुलगी पळू शकली, कारण आई मागेच आहे आणि उद्याही असणार आहे याची तिला खात्री होती. हट्टालाही आधी कुणीतरी आपलं असावं लागतं. जनीच्या अभंगातली शांतता आपण तृप्तीची म्हणून वाचतो. तिच्यात एक पोरकेपणही आहे, ते सोडून वाचणं हा तिच्यावर अन्याय आहे.

कुणी म्हणेल, म्हणजे आईची फणी ही सत्ताच झाली. नाही. इतकं सोपं नाही ते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मुलीच्या केसांत जट आली की यल्लम्माचं बोलावणं आलं असं मानत, आणि अशा कितीतरी मुली देवीला सोडल्या गेल्या. जट म्हणजे काय? तेल-पाणी-फणी न मिळालेले, गुंतून घट्ट झालेले केस. फणी न फिरणं म्हणजे स्वातंत्र्य, असं त्या मुलींना कोण सांगेल?

मग काळजीचा हात आणि सत्तेचा हात ओळखायचा कसा? शेजारच्या संगमेश्वर तालुक्यातलं देवरूख घ्या. पार्वतीबाई आठवले १८७० साली तिथे जन्मल्या. तरुणपणीच वैधव्य आलं आणि त्या काळच्या ब्राह्मण घरांतल्या रीतीप्रमाणे केशवपन. पुढे महर्षी कर्व्यांच्या आश्रमाचं काम करताना त्यांनी ही रूढी विचारपूर्वक सोडली आणि केस वाढू दिले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ सालचं; जरूर वाचा. तिथे प्रश्न सहा वर्षांच्या मुलीचाच आहे, केस कुणाचे? फक्त विचारायला अर्धं आयुष्य जावं लागलं. आणि नकार वस्तरा धरणाऱ्या हातालाही देता येतो. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं.

तेव्हा माझी कसोटी एवढीच. हात मऊ आहे की कडक, हे आधी बघू नका. ‘नको’ ऐकल्यावर तो काय करतो ते बघा. रूढीच्या हाताला ‘नको’ ऐकूच येत नव्हतं. आईच्या हाताला ऐकू येतं. ती रागावते, वैतागते, पण हात थांबतो. वात्सल्यरसाची समीक्षा करताना ही थांबण्याची जागा आपण शोधली पाहिजे. ती नसेल तिथे, कविता कितीही गोड असली, तरी मी वात्सल्य हा शब्द जपून वापरीन.

पडवीत पुढे काय झालं ते सांगतो. आईने फणी खाली ठेवली. थोड्या वेळाने म्हणाली, “ये. भांग तू पाड, वेण्या मी घालते.” मुलगी आली. भांग वाकडा पडला, कानापर्यंत गेला. आईने दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. तशाच वाकड्या भांगाने, दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी घेऊन मुलगी शाळेत गेली. उवांचा प्रश्न रविवारच्या न्हाण्यावर ठेवण्यात आला.

इथे थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.