रुग्णालयाची वास्तू आणि वाहता वारा

रुग्णालये पर्यावरणास अनुकूल असावीत, या विचाराची चर्चा हल्ली वास्तुशास्त्रात बरीच चालते. सौर ऊर्जा, पाण्याचा पुनर्वापर, कमी वीज घेणारी यंत्रे यांची गणना करून इमारतीस गुण देण्याची पद्धतही रूढ झाली आहे. या साधनांची उपयुक्तता वादातीत होय. तथापि यंत्र किती कार्यक्षम आहे हे पाहताना, ते मुळात आवश्यक आहे काय, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. विचार व्हावयास हवा तो याच उणिवेचा.

या दृष्टीने दादर-परळचा इतिहास बोधप्रद आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची मोकळी आखणी त्याच्याच धोरणाचे फळ होय. दूषित हवेने प्लेग होतो ही समजूत पुढे चुकीची ठरली. तिच्यातून निघालेला उपाय मात्र निष्फळ ठरला नाही. १९२५ साली खुले झालेले व १९२७ साली शिवाजी महाराजांचे नाव लाभलेले दादरचे मैदान आणि जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभारलेले, १९२६ साली सुरू झालेले परळचे के. ई. एम. रुग्णालय ही एकाच युगाची अपत्ये होत.

या जुन्या दृष्टीस आधुनिक संशोधनाचाही आधार मिळतो. पेरू देशातील लिमा येथील आठ रुग्णालयांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दारे-खिडक्या उघडल्या असता खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा पालटते, असे आढळले. यांत्रिक वायुवीजनासाठी शिफारस केलेले प्रमाण १२ वेळांचे आहे. उंच छतांच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वास्तूंत तर हा आकडा ४० पर्यंत गेला, नव्या खोल्यांत तो १७ होता. क्षयरोगाशी झुंजणाऱ्या मुंबईस या निष्कर्षाचे महत्त्व सांगावयास नको. वीज वाचविणारी खिडकी येथे संसर्गासही आवर घालते.

यावर आक्षेप येतील. मुंबईची दमट हवा, रस्त्यावरील धूळ आणि गोंगाट यांमुळे खिडकी नेहमीच उघडी ठेवता येत नाही. वारा पडला की तिचा उपयोगही घटतो. शस्त्रक्रियागृह व अतिदक्षता विभाग यांना नियंत्रित हवा अनिवार्यच आहे. परंतु अपवादांच्या गरजेवरून साऱ्या वॉर्डांचा नियम ठरविणे तर्कास धरून नाही. धूळ व ताप यांवर भोवतालची झाडे आणि सावलीचे आवार हा बव्हंशी उपाय होय. म्हणून आवाराची मोकळी जागा वाहनतळास किंवा नव्या इमारतीस देणे म्हणजे उपचाराचेच एक साधन गमावणे होय. गुणांकनाच्या कोष्टकात या हानीची नोंद झाल्यावाचून ते कोष्टक पूर्ण मानता येणार नाही.