‘बर्न बूटलोडर’ या बटणाखाली काय दडलंय?

आज शोधनिबंध बाजूला ठेवू आणि एका साध्या मार्गदर्शिकेची चिकित्सा करू. आर्डुइनोच्या संकेतस्थळावर बोर्डाशिवाय नुसती चिप ब्रेडबोर्डवर कशी चालवायची ते सांगणारं एक जुनं पान आहे. हौशी इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या असंख्य मुलांनी आपली पहिली कोरी एटीमेगा३२८पी त्याच्या किंवा त्यावरून बेतलेल्या पानांच्या जोरावर चालवली असेल. तुमच्यापैकी जे प्रयोगशाळेत स्वतःचा तापमान नोंदवणारा लॉगर वगैरे बनवणार आहात, तेही बहुधा तिथेच पोचाल. म्हणून हे पान नीट वाचायला हवं.

आधी त्याचं चांगलं सांगतो. जोडणी स्वच्छ आहे. एक ऊनो बोर्ड प्रोग्रामर म्हणून वापरायचा. त्याच्या ११, १२, १३ क्रमांकाच्या पिना कोऱ्या चिपच्या १७, १८, १९ या पायांना, आणि १० क्रमांकाची पिन चिपच्या १ क्रमांकाच्या पायाला, म्हणजे रिसेटला. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन छोटे कपॅसिटर, पुरवठा. मग मेनूमधून ‘बर्न बूटलोडर’. चिप चालू! नवख्या माणसाला पहिल्या संध्याकाळी एलईडी लुकलुकताना दिसणं ही काही लहान गोष्ट नाही. डेटाशीट हातात देऊन बसवलं असतं तर निम्मे लोक तिसऱ्या पानावर उठून गेले असते.

माझा आक्षेप त्या बटणाच्या नावाला आहे. नावावरून वाटतं की हे बटण फक्त बूटलोडर लिहितं. प्रत्यक्षात ते आधी चिप पुसतं, मग तीन फ्यूज बाइट बदलतं, आणि त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात बूटलोडर लिहितं. या तिन्हींत सगळ्यात दूरगामी काम मधलं, आणि नावात नेमका त्याचाच पत्ता नाही.

फ्यूज म्हणजे घरातला वितळणारा फ्यूज नव्हे. चिपने कोणतं घड्याळ वापरायचं, सुरुवात कुठून करायची, हे ठरवणारे काही बिट्स. कारखान्यातून येताना खालचा फ्यूज बाइट षोडशमान पद्धतीत ६२ असतो: आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, आणि त्याला आठने भागायचं. म्हणजे चिप धावते १ मेगाहर्ट्झवर. ऊनोसाठी बटण दाबलं की तो बाइट एफएफ होतो: बाहेरचा क्रिस्टल. (डेटाशीटमध्ये बिट शून्य असेल तर ‘प्रोग्राम केलेला’, एक असेल तर ‘न केलेला’. उलटं वाटतं, पण तसंच आहे. एफएफ म्हणजे ‘सगळं चालू’ असं वाचू नका.)

आता समजा क्रिस्टल लावलेलाच नाही. पहिला टप्पा सुरळीत पार पडतो, कारण तेव्हा चिप आतल्या घड्याळावर चाललेली असते. फ्यूज बदलतात. दुसऱ्या टप्प्यात चिप नसलेल्या क्रिस्टलची वाट बघत बसते आणि पडद्यावर येतं की चिपची ओळख-सही जुळत नाही, जोडण्या तपासा. विद्यार्थी रात्रभर वायरी काढतो-घालतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या पानावर चुकीचा पर्याय निवडलात तर बाहेरच्या घड्याळाशिवाय चिप चालणार नाही, अशी सूचना आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ‘का’ ते नाही. आणि ‘का’ माहीत नसेल तर उपायही सुचत नाही: बाहेरून घड्याळाचा संकेत दिला की ती चिप पुन्हा बोलू लागते. अशा कितीतरी चिपा ‘मेली’ म्हणून कचऱ्यात जात असतील.

याहून वाईट प्रकार म्हणजे काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही तो. कोऱ्या चिपचे फ्यूज तसेच ठेवून १६ मेगाहर्ट्झसाठी बांधलेला प्रोग्राम प्रोग्रामरने थेट चढवला, तर तो चालतो. फक्त एका सेकंदाचा विराम सोळा सेकंदांचा होतो. एलईडीचं लुकलुकणं मंदावलं की डोळ्यांना कळतं. पण दर मिनिटाला नोंद करणारा लॉगर सोळा मिनिटांनी नोंद करत राहिला आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर तुम्ही नोंदींचा क्रमांक मिनिटं म्हणून मांडलात, तर? वक्र सुंदर येईल, पण त्यातून काढलेला थंड होण्याचा दर साफ चुकलेला असेल.

आतलं घड्याळ बरोबर निवडलं तरी सुटका नाही. कारखान्यातल्या अंशांकनाची अचूकता डेटाशीट ±१० टक्के देतं. तासात सहा मिनिटं. एलईडीला चालेल; तुमच्या प्रबंधातल्या मापनाला चालेल का, ते तुम्हीच ठरवायचं.

डेटाशीटची अडचण दुसऱ्या टोकाची. तिथे सगळं आहे, पण विखुरलेलं: घड्याळाचे पर्याय एका प्रकरणात, फ्यूजचे तक्ते शेकडो पानं पुढे. पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी ते लिहिलेलंच नाही, आणि ते तसा दावाही करत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत आवडलेला मजकूर तिसराच आहे: ऊनोला प्रोग्रामर बनवणाऱ्या ‘आर्डुइनोआयएसपी’ या स्केचमधल्या टिपा. एका जागी एसपीआयच्या घड्याळाचा वेग दहा लाख भागिले सहा असा लिहिलाय. सहाच का? टीप सांगते: डेटाशीटनुसार स्पंदाचा उंच आणि खालचा भाग, दोन्ही चिपच्या दोन चक्रांपेक्षा जास्त हवेत, म्हणून तीन-तीन घेतली. १ मेगाहर्ट्झवरच्या चिपला पुरेल इतका हा वेग संथ आहे, हेही तिथेच लिहिलंय. आकडा, त्याचा आधार, त्याची मर्यादा, सगळं दोन-चार ओळींत. तुमच्या प्रबंधातलं ‘साधने व पद्धती’ प्रकरण असं लिहिलेलं असेल तर परीक्षकाला विचारायला फारसं काही उरणार नाही.

तर मार्गदर्शिका वापरा, जरूर वापरा. फक्त बटण दाबण्याआधी एक काम करा. अव्हरड्यूड या प्रोग्रामला फ्यूज नुसते वाचायला सांगता येतात. त्याने चिपमध्ये काहीही बदलत नाही. खालचा ६२, वरचा डी९, विस्तारित एफएफ आले तर तुमची चिप अजून कारखान्यातून आली तशीच आहे. ओळख-सहीही बघून घ्या: १ई ९५ ०एफ असेल तर ३२८पी, शेवटी १४ असेल तर दुकानदाराने पी नसलेली ३२८ दिली आहे. लॅमिंग्टन रोडवरून सुट्या चिपा आणणाऱ्यांनी तर हे आधी करावं. तीही उत्तम चालते, पण मेनूत ऊनो निवडून बटण दाबलं तर सही जुळत नाही म्हणून काम तिथेच थांबेल.