हे दोघे एकच का?

बारामतीत बोलायला उभे राहिले की मोरोपंतांचे नाव घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि आजच्या विषयात तर ते आपणहून येतात. विषय आहे एका संशयाचा. वेगवेगळ्या नावांनी बोलणारी ही माणसे मुळात एकच माणूस तर नाही ना? हल्ली फोनवरच्या गटात हा संशय रोज येतो. एकाने काही लिहिले, लगेच चौघांनी 'अगदी बरोबर' म्हटले, की आपण म्हणतो, झालं, हा एकच गडी दिसतोय. मराठी समीक्षेने हा उद्योग फार आधी करून ठेवला आहे.

बाबूजी नाइकांच्या आश्रयाने मोरोपंत इथे राहिले, १७९४ साली इथेच गेले. त्यांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यातले 'निरोष्ठ रामायण' बघा. ओठ मिटावे लागतील अशी प, फ, ब, भ, म ही अक्षरेच वापरायची नाहीत. म्हणजे त्यात 'राम' बसत नाही, आणि कवीचे स्वतःचे 'मयूर' हे नावही बसत नाही! नायक नाही, सही नाही. असा मजकूर निनावी हाती आला असता तर आपण कशावरून ओळखला असता? यमकाच्या हौसेवरून म्हणाल, तर ती हौस त्या काळच्या सगळ्याच पंडित कवींना होती. सामासिक शब्दांचे तेच. आम्हाला वाटते, असली अवघड अट स्वतःवर लादून घेण्याच्या खोडीवरून ओळखला असता. शब्द सगळ्यांचे असतात, खोड एकाची असते.

उलटा संशय १८९८-९९च्या सुमारास 'सुधारक'मधून निघाला. शिवराम एकनाथ भारदे यांनी मांडले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंगांचे ज्ञानेश्वर वेगळे. ज्ञानेश्वरीकार नाथपंथी, अभंगकार विठ्ठलभक्त. भाषाही जुळत नाही. वाद मोठा पेटला. गंमत म्हणजे भारदे हे सगळे 'भारद्वाज' या नावाने लिहीत होते. ज्ञानदेव दोन म्हणणारा माणूस स्वतः दोन नावांचा!

त्यांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. पण त्यांची फूटपट्टी राम गणेश गडकऱ्यांना लावून बघा. प्रेमाच्या दुःखात बुडालेले गोविंदाग्रज, लग्नाच्या बाजाराची टर उडवणारे बाळकराम आणि 'एकच प्याला'चे नाटककार. विषय वेगळे, भाषा वेगळी, सूर तर पार वेगळा. हिशेबाने तीन माणसे व्हायला हवीत. तिन्ही नावांमागे एकच गडकरी, १९१९ साली अकाली गेलेले. फरकावरून दोन माणसे सिद्ध होत नाहीत ती अशी.

मग सारखेपणावरून एक माणूस सिद्ध होतो का? इंदापूरच्या बाजारात तासभर उभे राहा. दहा जण त्याच म्हणी, तेच हेल, त्याच शिव्या वापरतात. त्या दहांनी उद्या लिहायला घेतले तर चुकाही त्याच करतील, कारण गाव एक, शाळा एक, मास्तरही बहुधा एकच. आणि अशा वेळी 'तू तो नव्हेसच, तू अमक्याचं सोंग' असे कुणाला म्हटले, तर त्याने सिद्ध काय करायचे? आपण आपणच आहोत हे? नव्याने लिहू लागलेल्या पोराला किंवा नाव सांगायला बिचकणाऱ्या बाईला या आरोपाने कायमचे गप्प करता येते. लेखनावर टीका झाली तर ते सुधारता तरी येते. इथे लिहिणाराच खोटा ठरतो.

नाव लपवण्याची कारणेही एक नसतात. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने त्यांची 'शतपत्रे' आली. तिथे एका माणसाने एकच टोपणनाव घेतले होते. गर्दीचा देखावा नव्हता. फ्रान्समध्ये रोमँ गारी यांनी मात्र पुढची पायरी गाठली. गाँकूर पारितोषिक एका लेखकाला एकदाच मिळते. गारींना ते १९५६ साली मिळाले आणि १९७५ साली एमिल आझार या नावाने पुन्हा मिळाले. आझार म्हणून त्यांनी एका नातेवाइकालाच लोकांपुढे उभे केले होते. काहींनी संशय घेतला, गारींनी तो झटकून टाकला. खरे काय ते १९८० साली त्यांच्या मृत्यूनंतरच बाहेर आले. कादंबऱ्या खऱ्या होत्या, म्हणून त्यांच्या लेखनावर आमचा राग नाही. राग आहे तो उभ्या केलेल्या त्या माणसावर, कारण तिथे टोपणनाव संपून खोटी साक्ष सुरू झाली.