उपाशी अस्वल, मागे सरकणारी हिमनदी

डिसेंबर २०१७ मध्ये तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये हाडांचा सापळा झालेलं एक ध्रुवीय अस्वल पाय ओढत चाललंय, कचऱ्याच्या पिंपात खायला शोधतंय. चित्रण पॉल निकलेनचं. 'नॅशनल जिओग्राफिक'ने वर लिहिलं, हवामान बदल दिसतो तो असा.

चित्रण आजही अंगावर येतं. माझं भांडण त्या ओळीशी आहे. ते अस्वल आजारी होतं, म्हातारं होतं की जखमी, कुणालाच ठाऊक नव्हतं. निकलेनची सहकारी क्रिस्टिना मिटरमायरने ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच मासिकात तसं लिहिलं, मासिकानेही जास्तच बोलल्याचं मान्य केलं. तोवर हवामान बदलाला थोतांड म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं होतं.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. एक रिक्वेस्ट रखडली म्हणून सिस्टिम बसली असं आमच्यात कुणी म्हणत नाही, आधी महिन्याभराचा आलेख उघडतो. त्यामुळे मला जेम्स बालोग जवळचा वाटतो. हाही वन्यजीवांचे फोटो काढणारा. २००७ पासून त्याने ग्रीनलँड, आइसलँड, अलास्कात हिमनद्यांसमोर कॅमेरे ठोकून ठेवले, ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारे. 'चेसिंग आइस' (२०१२) या माहितीपटात त्यांचे टायमर बंद पडतात आणि बालोग रडकुंडीला येतो. (प्रॉडक्शनवर पहिल्यांदा कोड टाकलेल्यांनी हा भाग जरूर बघावा.) मग काही वर्षांचे फोटो काही सेकंदांत सरकतात, आणि हिमनदी मागे जाताना दिसते. ओळ लिहायची गरजच उरत नाही.

गंमत म्हणजे या माहितीपटातला सगळ्यात शेअर झालेला तुकडा वेगळाच आहे: ग्रीनलँडच्या इलुलिसाट हिमनदीचा प्रचंड भाग ७५ मिनिटांत कोसळतो तो. भव्य आहे, पण पुरावा म्हणून त्याची किंमत त्या अस्वलाइतकीच. एक घटना.

अडचण एवढीच की हिमनदीला डोळे नसतात. अस्वलाला असतात, म्हणून आपण थांबतो. पश्चिम हडसन बेमध्ये २०१६ साली अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८. हा आकडा कुणी फॉरवर्ड केलेला मी पाहिला नाही.

त्याच किनाऱ्यावरच्या चर्चिल गावाजवळून शरद ऋतूत अस्वलांचं थेट प्रक्षेपण चालतं. तासन्‌तास काही घडत नाही. समुद्र गोठायची वाट बघत अस्वलं लोळत असतात. मी ते दुसऱ्या स्क्रीनवर लावून ठेवतो.