यंत्राच्या उत्तराखाली सही कोणाची?

मिरजगावात मी शिकवतो. दहावीच्या मुलांना 'बलुतेदारी' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर निम्म्या वह्यांत एकच निबंध उतरला. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तो सांगितला होता. बलुतेदारी ही परस्परसहकार्यावर उभी असलेली स्वयंपूर्ण ग्रामव्यवस्था होती, प्रत्येकाला कामाचा मोबदला धान्यरूपाने मिळे, वगैरे. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही.

त्यात आपल्या वस्तीतल्या एका पोराची वही होती. त्याच्या पणज्याने येसकरकी केलेली. मी विचारले, "आजा घरी काय सांगतो रे?" म्हणाला, "सर, ते कुठं लिहिलेलं नाही."

हे उत्तर वाङ्मय म्हणून तपासले पाहिजे. त्यात सारे 'मिळे', 'होत असे'. देणारा कोण, दारात ताटकळणारा कोण, मेलेले ढोर कोणी ओढायचे? माणूसच नाही! व्यवस्था एवढी गोड होती, तर १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक कशासाठी आणले?

यंत्र खोटे बोलते असे मी म्हणत नाही. साठवलेल्या मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द संभवतो, याचा ते हिशेब करते. ज्यांनी पुष्कळ लिहिले त्यांचा सूर त्यात उतरणारच. आणि पिढ्यानुपिढ्या लिहिण्याचा हक्क कोणाला होता, हे वाचकांना मी सांगायला नको.

त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाडा'वर (१९१५) आत्र्यांचे नाव आहे. त्यांच्याशी भांडता येते. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले आणि त्या शब्दाचा अर्थच फिरला. यंत्राच्या उत्तराला ना नाव, ना जात, ना गाव. म्हणून पोरांना ते निःपक्षपाती वाटते.

तरी ते फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. वर्गात हात वर करायला भिणारी मुलगी रात्री त्याला दहा प्रश्न विचारते; ते तिला आडनाव विचारत नाही. ही गोष्ट लहान नव्हे. नगरला १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली छापला गेला. तेही नियतकालिक मिशनऱ्यांचे होते. परक्याच्या पानावर तिने आपले लिहिले, आणि खाली नाव तिचेच राहिले.

मी निबंध परत दिला. घरी विचारा, ज्याने सांगितले त्याचे नाव खाली घाला, म्हणालो. त्या पोराने दीड पान आणले आहे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. शेवटी आज्याचे नाव, वय आणि अंगठा आहे.