मुदतपूर्व

बढतीचे दोन प्रकार असतात. एक मिळत नाही म्हणून नवरा कुढतो आणि दुसरी मिळते म्हणून बायको कुढते. राष्ट्रीयीकृत बँकेत कारकुनाचा अधिकारी झाला की त्याला पहिली भेट मिळते ती बदलीची, आणि तीही अशा गावी, की जिथे मुक्कामाची एस. टी. सुद्धा नाइलाजाने थांबते. म्हणून मी गेली वीस-बावीस वर्षं बढतीच्या परीक्षेचा फॉर्म न भरता अक्कलकोटात सुखाने नोटा मोजतो आहे. तेव्हा 'बढती लवकर द्यावी की उशिरा' या विषयावर माझ्याइतका निःपक्षपाती टीकाकार तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

विषय घरात आला तो चिरंजिवांमुळे. वय चौदा, उंची माझ्याहून चार बोटं जास्त, आणि धंदा वेगवान गोलंदाजीचा. त्याची आई या कलेला 'लांबून पळत येऊन फेकाफेक' म्हणते. एका रविवारी संध्याकाळी त्याचे क्रिकेटचे सर घरी आले. पोहे झाले, चहा झाला, आणि मग सर म्हणाले,

"साहेब, पोरगं सोनं आहे. चौदाच्या आतल्या पोरांत कशाला सडवायचं? थेट एकोणीसच्या आतल्या टीममध्ये घालतो. सोलापूरला पार्क मैदानावर चार लोकांच्या नजरेत येईल."

मला 'साहेब' फक्त कर्ज हवं असलेली माणसं म्हणतात. इथे तर हा मनुष्य काही न मागता साहेब म्हणत होता. मी तिथेच विरघळलो. आत स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला, पण तो मी ऐकला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. कॉमर्सच्या पदवीधराला झोप आली नाही की तो व्याज काढतो. २०२५ च्या आयपीएलमध्ये वैभव सूर्यवंशी नावाचा बिहारचा मुलगा चौदाव्या वर्षी उतरला, पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, आणि नऊ दिवसांनी गुजरातविरुद्ध पस्तीस चेंडूंत शतक ठोकलं. लिलावात त्याला १ कोटी १० लाख मिळाले होते. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सात लाख सत्तर हजार, म्हणजे महिन्याला चौसष्ट हजार एकशे सहासष्ट रुपये. मुद्दल शाबूत! मी उठून पाणी प्यालो आणि झोपलेल्या चिरंजिवांच्या अंगावर पांघरूण घातलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

सकाळी शेजारच्या आप्पांना सांगितलं. आप्पांची शेती आहे, बोलणं कमी आणि तेही अर्धं कानडी वळणाचं. ते म्हणाले, "हुरडा खायला ग्वाडच लागतो की हो. पण हुरड्याची पेरणी होत न्हाई."

मला तेव्हा ते शेतकऱ्याचं अज्ञान वाटलं. तरी मनात खुटखुट राहिली. बँकेतल्या माणसाला खुटखुट लागली की तो जुनी खाती काढतो. मीही काढली.

पहिलं खातं कराचीचं. १५ नोव्हेंबर १९८९. त्या एका कसोटीत सोळा वर्षं आणि दोनशे पाच दिवसांचा सचिन तेंडुलकर पहिल्यांदा खेळला, हे पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्याच कसोटीत दोन वेगवान गोलंदाजही नवे होते. एक पाकिस्तानचा वकार युनूस. कागदोपत्री त्याला अठरावं वर्ष पुरं व्हायला एक दिवस बाकी होता. दुसरा आपला सलील अंकोला, वय एकवीस, जन्म सोलापूरचा! पॉली उम्रीगरांनंतर सोलापूरच्या मातीला कौतुक वाटावं असा हा दुसरा माणूस. मोजून एक मोसम रणजी खेळलेला.

आता या तीन खात्यांचे उतारे बघा. सचिनला वकारने पंधरा धावांवर त्रिफळाचीत केलं. पुढे सियालकोटला त्याच वकारचा चेंडू त्याच्या नाकावर बसला, रक्त आलं, आणि पोरगा तरीही सत्तावन्न करून आला. बाकीचा हिशेब तुम्हाला माहीत आहे. वकारने त्या पहिल्याच डावात चार बळी घेतले, पण पुढे पाठीच्या हाडाला चीर गेली आणि पाकिस्तानने १९९२ चा विश्वचषक जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. तो परत आला आणि कसोटीत ३७३ बळी घेऊन गेला, ही त्याची ताकद. आणि अंकोलांना कराचीत दोन बळी मिळाले, त्यानंतर दुसरी कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. वीस एकदिवसीय सामने खेळले, १९९६ च्या विश्वचषकाच्या संघात होते, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी नडगीच्या हाडातल्या गाठीने क्रिकेट संपवलं. गाठीचा दोष लवकर निवडणाऱ्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. तसा मी टाकत नाही. पण गोलंदाजाचं भांडवल म्हणजे त्याचं हाड, एवढं या खात्यावरून कळतं. गंमत पुढेच आहे. हेच अंकोला २०२३ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय निवड समितीवर होते. एकच कसोटी मिळालेला माणूस दुसऱ्यांना कसोट्या वाटायला बसला. आमच्या बँकेत याला 'अनुभवी अधिकारी' म्हणतात.

यातून मी पहिला निष्कर्ष काढला. फलंदाज चुकला की तो तंबूत जाऊन खुर्चीवर बसतो. गोलंदाज चुकला की कप्तान त्याला आणखी एक षटक देतो. म्हणजे एकाला चुकीबद्दल सुट्टी आणि दुसऱ्याला ओव्हरटाइम. म्हणून 'सचिन सोळाव्या वर्षी खेळला, मग आमचा बाळ्या का नको?' असं विचारणाऱ्या बापाला आधी विचारावं, की बाळ्या बॅट घेऊन जातो की चेंडू?

शिवाय सचिन लवकर गेला, पण कच्चा गेला नाही. डिसेंबर १९८८ मध्ये पहिल्याच रणजी सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद शतक, कराचीच्या आधी काही दिवस इराणी करंडकात पुन्हा नाबाद शतक. त्याची मुदत लहान होती, पण ती पूर्ण झाली होती. लहान मुदत आणि मोडलेली मुदत यांतला फरक काउंटरवर बसणाऱ्यालाच कळतो. ठेव मुदतीआधी मोडली की जितके दिवस राहिली तेवढ्याच दिवसांच्या दराने व्याज, वर एखादा टक्का दंड. गिऱ्हाईक रागावतं. म्हणतं, "पैसे माझेच ना?" पैसे तुमचेच, मालक, पण दिवस तुमचे नव्हेत!

दुसरी खाती फिरकीवाल्यांची. मणिंदरसिंग डिसेंबर १९८२ मध्ये, तोही कराचीतच, सतराव्या वर्षी कसोटीत आला. आल्या दिवसापासून सगळ्यांनी त्याच्या खांद्यावर बिशनसिंग बेदी बसवले. गुण मोठा, पण पुढे हातातली लयच हरवली. पस्तीस कसोट्यांत ८८ बळींवर हिशेब थांबला. लक्ष्मण शिवरामकृष्णन १९८३ मध्ये अँटिग्वाला, तोही सतराचाच. १९८४ मध्ये वानखेडेवर इंग्लंडचे बारा बळी एका कसोटीत घेतले. ऑस्ट्रेलियातल्या १९८५ च्या स्पर्धेत भल्याभल्यांना नाचवलं. आणि शेवटची कसोटी जानेवारी १९८६ मध्ये! विसाव्या वर्षी! नऊ कसोट्या, सव्वीस बळी. आमच्याकडे विसाव्या वर्षी माणूस बँकेच्या परीक्षेचा पहिला फॉर्म भरतो. हा त्या वयात निवृत्त झाल्यासारखा झाला. या दोघांची हाडं मोडली नाहीत. नवशिक्याला खाली जाऊन पुन्हा शिकून यायला जो जिना लागतो, तो कुणी ठेवला नव्हता. वर चढवायला दहा हात, उतरताना धरायला एकही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांना पिकेपर्यंत आढीत ठेवावं का? नाही हो! तिसरं खातं त्यासाठीच काढलं. पद्माकर शिवलकर. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूचे सोळा धावांत आठ आणि अठरा धावांत पाच गडी बाद केले. सामना तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला. एवढं करून कसोट्या किती? शून्य. पुढे बेदी उभे होते. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा मला आमच्याकडची निष्क्रिय खाती आठवली. दहा वर्षं ठेवीला कुणी हात लावला नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. मोडलेल्या ठेवीवर निदान कमी व्याज मिळतं. विसरलेल्या ठेवीवर फक्त हळहळ मिळते.

म्हणजे 'लवकर' हा गुन्हा नाही आणि 'उशिरा' हे शहाणपण नाही. मग काय बघायचं? याचं उत्तर मला अमेरिकेत सापडलं. (पासपोर्ट नाही. वाचून सापडलं.) तिथे बेसबॉल नावाचा, आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ असलेला खेळ आहे. १९७३ मध्ये टेक्सासच्या संघाने डेव्हिड क्लाइड नावाच्या अठरा वर्षांच्या चेंडूफेक्याला शाळा संपल्यावर वीस दिवसांत थेट मोठ्या सामन्यात उतरवलं. संघ हरत होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, मालकाला तिकिटं खपवायची होती. मैदान भरलं, मुलगा जिंकलासुद्धा. आणि मग त्याला तिथेच राबवलं. कारकीर्द अठरा विजय, तेहेतीस पराभव; पंचविशीत मोठ्या मैदानातून बाहेर. उलट १९३६ मध्ये बॉब फेलर सतराव्या वर्षी उतरला, पहिल्याच डावसुरुवातीत पंधरा जणांना बाद केलं, आणि हंगाम संपल्यावर परत शाळेत जाऊन बसला! पुढे २६६ सामने जिंकला. दोघंही लवकरच गेले. एकाला परतीचं तिकीट होतं, दुसऱ्याच्या नावावर तिकिटं खपली.

त्याच अमेरिकेत शाळकरी पोरांच्या लिटल लीगमध्ये २००७ पासून चेंडू मोजतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसात पंच्याण्णवच्या वर फेकायचे नाहीत. सहासष्ट झाले की चार दिवस विश्रांती. इतकी सुट्टी आमच्या युनियनला संप करूनही मिळालेली नाही.

आपल्याकडे चेंडू कोण मोजतं? आपण वय मोजतो, आणि तेही कसं! माझ्या पिढीतला निम्मा तालुका १ जूनला जन्मला. शाळेत नाव घालताना मास्तर तारीख विचारत, आई 'त्या वर्षी विहीर आटली होती' म्हणे, मास्तर १ जून लिहीत. मीही त्यातलाच. म्हणून ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. हल्ली क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतं. मास्तरांची सही मनगटावर चालत नाही.

मुदतीआधी वर चढण्याचा अनुभव मलाही आहे. २००३ साली, नोकरीत नवा असताना, हेड कॅशियर आजारी पडले म्हणून मला पंधरा दिवस त्यांच्या खुर्चीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारच्या गर्दीत, हजार रुपये कमी भरले. ते मी खिशातून भरले. त्या महिन्यात आमच्याकडे भाजीऐवजी शेंगाचटणीच होती. पण मला ते हजार रुपये नाही लागले. नंतर सहा महिने साधी शंभराची गड्डी मोजताना हात थरथरायचे, ते लागलं. बढतीच्या फॉर्मचं खरं कारण बदली नव्हे, हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. घरात हे पान कुणी वाचू नये.

एवढी सगळी खाती मी काढली, पण कधी, ते सांगायचं राहिलं. सरांना 'हो' म्हटल्यावर. आप्पांच्या हुरड्यापासून या सगळ्या आकड्यांपर्यंत यायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत चिरंजीव एकोणीसच्या आतल्या पोरांबरोबर खेळले. दाढी आलेल्या मुलांना बाद केलं. एका रविवारी तर वीस षटकं टाकली. म्हणजे एकशे वीस चेंडू. मी सीमारेषेवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. दिवसभर नोटा मोजणाऱ्या माणसाने चेंडू मोजले नाहीत.

मग एका सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. सोलापूरला दाखवलं. कमरेच्या मणक्याला बारीक चीर. डॉक्टर म्हणाले, "वाढीची हाडं आहेत. वेळेत आलात. सहा महिने चेंडू हातात नको." परतीच्या एस. टी.त तो खिडकीशी बसला होता. मला म्हणाला, "बाबा, मी सरांना सांगणार होतो दुखतंय म्हणून. पण तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

बँकेत चूक झाली की ती लाल शाईने गोल करतात. हे वाक्य मी तसं करून ठेवलं आहे.

सध्या चिरंजीव मैदानावर स्कोअर लिहितात. अक्षर चांगलं आहे. घराण्यात कारकुनी आहे. वहीला त्यांनी स्वतःहून एक जादा रकाना आखला आहे: प्रत्येक पोराने दिवसात किती चेंडू टाकले. परवा तो आकडा बघून त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलाला हाताने धरून मैदानाबाहेर आणलं. सर रागावले, पण वही बघून गप्प झाले.

काल सर पुन्हा घरी आले. या वेळी 'साहेब' म्हणाले नाहीत. सोळाच्या आतल्या संघात, आठवड्याला ठरावीक चेंडू, दुखलं की त्याच दिवशी बंद, असं ते आपणहून म्हणाले. मग विचारलं, "केव्हा आणताय?"

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "मुदत संपल्यावर!"

भांडं मात्र आपटलं नाही.