फॉक्सग्लव्ह : गोष्ट आणि पुस्तक

औषधी वनस्पतींचा विषय निघाला की फॉक्सग्लव्हची गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडमधील एका म्हातारीजवळ एक गुप्त काढा होता. एका डॉक्टरने त्यातील गुणकारी वनस्पती ओळखली आणि हृदयरोगावर औषध मिळाले! गोष्ट सुटसुटीत आहे. पण ती ज्या पुस्तकातून आली, ते डॉ. विल्यम विदरिंग यांचे १७८५ साली बर्मिंगहॅमला प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचताना आम्हांला जाणवले, की गोष्टीतून नेमका महत्त्वाचा भाग गळून गेला आहे.

फॉक्सग्लव्ह हे ब्रिटनचे रानफूल. पुरुषभर उंचीच्या दांड्यावर घंटेसारखी जांभळट-गुलाबी फुले लोंबतात. फूल बोटात टोपणासारखे बसते, म्हणून फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली बोटावरून त्याला 'डिजिटॅलिस' हे लॅटिन नाव दिले. जुन्या वनौषधिग्रंथांत ते जखमांपासून अपस्मारापर्यंत अनेक विकारांवर सांगितले आहे. किती द्यावे आणि कधी थांबवावे, हे मात्र नीट ठरलेले नव्हते.

अंगात पाणी साचून सूज येण्याच्या विकारावरील तो काढा विदरिंग यांच्यापुढे १७७५ साली आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग स्वतः वनस्पतिशास्त्राचे जाणकार असल्याने त्यांतील फॉक्सग्लव्ह ओळखणे त्यांना जड गेले नाही. खरे काम पुढची दहा वर्षे चालले. सुरुवातीला मात्रा फार मोठी होऊन रोग्यांना ओकाऱ्या होत. मग झाड फुलावर असताना तोडलेल्या पानांची वाळवून पूड करावी, ती अगदी थोडी द्यावी आणि लघवी सुटली, मळमळ सुरू झाली किंवा नाडी मंदावली की थांबावे, असे नियम त्यांनी बसवले.

पुस्तकात दीडशेहून अधिक रोग्यांच्या नोंदी आहेत. बरे झालेले तेवढे निवडले असते तर औषधाची कीर्ती वाढली असती, हे विदरिंग जाणून होते. तरीही गुण न आलेले रोगी त्यांनी वगळले नाहीत. पुस्तकाचे मोठेपण आम्हांला यात वाटते.

उणिवाही आहेत. औषध न दिलेल्या रोग्यांशी तुलना नाही. हृदयाच्या गतीवर होणारा परिणाम विदरिंग यांनी स्पष्ट नोंदवला, पण औषध मुख्यतः लघवी वाढवणारे मानले. सुजेचे मूळ अनेकदा दुबळ्या हृदयात असते, हे सूत्र त्यांच्या हाती लागले नाही. ज्या म्हातारीमुळे सारे सुरू झाले तिचे नावही पुस्तकात नाही. आज सांगितले जाणारे 'मदर हटन' हे नाव १९२८ सालच्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आले आहे.

या वनस्पतीतील द्रव्ये हृदयाच्या स्नायुपेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि आकुंचन जोरकस होते. डिजॉक्सिन हे औषध १९३० साली याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीतून वेगळे केले गेले. १९९७ साली सुमारे ६,८०० रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डिजॉक्सिनने मृत्यूंचे प्रमाण घटले नाही. रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण मात्र घटले. दोन शतके वापरलेल्या औषधाबद्दलही हे मोजूनच कळले.

आपल्या शाळांच्या बागांत 'अमुक वनस्पती, तमुक रोगावर गुणकारी' अशा पाट्या असतात. कण्हेरीतही हृदयावर क्रिया करणारी याच गटातील द्रव्ये आहेत आणि ती जीव घेऊ शकतात. म्हणून आमची शिक्षकांना एक सूचना आहे. झाडाची चव न घेता, फक्त पाटी वाचून विद्यार्थ्यांनी चार प्रश्न लिहावेत : कोणता भाग? किती मात्रेत? कधी थांबवायचे? आणि कोणाला गुण आला नाही? पाटी चौथ्या प्रश्नाचे उत्तर देत नसेल, तर विदरिंग यांचे काम तिथे अजून व्हायचे आहे.